गिरणीच्या आवाजात सांगितलेले

भाताची गिरणी चालू असली की लखूच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही त्याच्याशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागे. मोटरीची घरघर, पट्ट्याची फटफट, चाळणीचा खडखडाट, आणि हे सगळे पत्र्याच्या छपरावर आदळून पुन्हा खाली यायचे. गिऱ्हाइके पोती उतरवून बाहेर फणसाखाली जाऊन बसत. लखूला मात्र त्या आवाजात बरे वाटे. कुठल्या बेअरिंगमधले वंगण संपत आले आहे, हे तो स्क्रू-ड्रायव्हरचे टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ओळखी. तरुणपणी बेळगावच्या आयटीआयमध्ये शिकलेली ही एक गोष्ट त्याला जन्मभर पुरली होती. यंत्र उघडण्याआधी ऐकायचे. घाईने उघडलेले यंत्र पुन्हा होते तसे बसत नाही.

त्याची मुलगी रक्षा नववीत होती. गेले काही महिने तो तिच्या बाबतीतही हेच करत होता.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा सागर गेला. आठ वर्षांचा होता. पडवीत रचलेल्या जळाऊ लाकडांच्या राशीत त्याने हात घातला आणि आत बसलेली घोणस त्याला डसली. जीप रामनगरच्या बाजारात शिरेपर्यंत तो बोलत होता, नंतर बोलायचा थांबला. कोंबडी राशीमागे शिरली म्हणून पोरगे तिच्या मागे गेले असणार, असे कोणीतरी त्या दिवशी म्हणाले, आणि गावाने तेच धरून ठेवले. पोराने तिथे हात का घातला, याला दुसरे उत्तर कोणापाशी नव्हते.

सुरुवातीला रक्षा गप्प होती. दिवस-कार्य झाल्यावर ती शाळेत जाऊ लागली तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. पुढे एकदा भात वाढताना आई, यमुना, सहज म्हणाली, "सागरला तूप लई आवडायचं," आणि रक्षाने ताट भिंतीवर फेकले. त्यानंतर ते थांबलेच नाही. आरसा फुटला, पाण्याचा माठ फुटला. धरायला गेलेल्या यमुनेच्या मनगटावर दातांचे वण उठले. मानेमागचे केस ती एकेक करून उपटत असे. तिथे बोटभर टक्कल पडले होते आणि ते झाकायला ती घरातही डोक्यावरून ओढणी घेई.

लखूचा थोरला भाऊ वासू शेजारीच राहत होता. गावकीचा मान त्याच्याकडे होता; सातेरीच्या देवळात गावाच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणे घालायचे ते त्यानेच. रक्षा त्याला दोडप्पा म्हणे.

"लाडवून ठेवलीस तू तिला," वासू म्हणाला. "आमच्या बानं आमास्नी कसं वाढवलं? शिमटी दारामागंच असायची. मेलो काय आमी?"

"तू मेला न्हाईस, पण अजून दाराचा आवाज झाला की दचकतोस," लखू म्हणाला. दोघेही थोडे हसले.

तरी एके दिवशी लखूने शिमटी, दारामागची ती बारीक छडी, उचलली होतीच. रक्षाने सागरचे दप्तर चुलीत घातले त्या दिवशी. हात वर गेला, आणि पोर पळाली नाही. तिने ओढणी बाजूला केली, पाठ त्याच्याकडे केली आणि फार दिवस वाट पाहिलेली गाडी एकदाची आल्यासारखी म्हणाली, "मार पप्पा. जोरात मार."

लखूच्या हातातून शिमटी गळाली. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन जोयड्याला सरकारी दवाखान्यात गेला. मुलांच्या मनाच्या तक्रारी ऐकायला तिथे महिन्यातून एकदा मनीषा नावाच्या बाई येत. त्या कन्नडात बोलत, सावकाश, मध्ये थांबत. रक्षाशी त्या बराच वेळ एकट्या बोलल्या. मग लखू आणि यमुनेला आत बोलावून म्हणाल्या की मुलीला राग येतो तेव्हा तो कशाला आला असे विचारू नका. राग आला आहे एवढे दिसते, तेवढेच म्हणा. हाताला काच लागणार नाही एवढे बघा. तिथून उठून जाऊ नका. शांत झाली की फुटलेले तिच्याबरोबर बसून गोळा करा, तिच्या एकटीकडून नको, तुम्ही एकट्यांनीही नको. रोज एखादी वेळ ठरवा आणि त्या वेळी तिच्याजवळ नुसते असा.

"आणि कधी काही सांगितलं," दाराशी पोहोचलेल्या लखूला त्या म्हणाल्या, "तर ते तिचं आहे. तुम्ही फक्त सांभाळायचं."

लखूला हे समजले. यंत्राला ठरल्या वेळी तेल घालावे तशा नेमाने त्याने ते पाळायला घेतले. रक्षा ओरडू लागली की तो दारात खाली बसे आणि म्हणे, "राग आलाय. मी हितंच हाय." ती म्हणे, "जा हितनं!" तो हातभर मागे सरके आणि पुन्हा बसे. वाटेने जाणारे बघत. शेजारची विमलमावशी एकदा कुंपणावरून म्हणाली, "लखू, देवळात बसल्यागत बसलाईस की रे पोरीपुढं. नारळ फोडू काय?" लखू म्हणाला, "फोड. ताटं संपलीत आमच्याकडची." आतून रक्षाचा आवाज थांबला. ती हसली नव्हती, पण थांबली होती, आणि त्या घरात तेवढेही खूप होते.

सुगी झाली आणि गिरणी सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी रक्षा दुपारचा डबा घेऊन गिरणीत येऊ लागली. आधी डबा ठेवून जाई. मग कोंड्याच्या पोत्यावर बसू लागली. मग एक दिवस न सांगता उठली आणि तांदूळ पडत होता त्या तोंडाशी पोत्याची कड धरून उभी राहिली. लखूने तिला रबरी रोलर दाखवले. दोन रोलरांच्या मधून भात गेले की साल सुटते. भात संपले की दांडा ओढून त्यांना लगेच वेगळे करावे लागते, नाहीतर रबराला रबर घासून जळते. ती लक्ष देऊन ऐके. तिच्या ओढणीवर, भुवयांवर कोंडा बसे. तशी ती म्हातारी दिसे, आणि लखूला ते बघवत नसे.

संक्रांतीच्या सुमारास, गिरणी भर आवाजात चालू असताना तिने तोंड त्याच्या कानाशी आणले.

"आईनं मला लाकडं आणायला सांगितलं हुतं."

लखूने मान हलवली नाही. हात दांड्यावर तसाच ठेवला.

"मी फोन बघालते. मी सागरला म्हटलं तू आण. तो न्हाई म्हणाला, तितं अंधार हाय म्हणाला. मी म्हटलं, न्हाई आणलास तर तुझ्याशी बोलणार न्हाई कधी." तिचा श्वास त्याला कानावर गरम लागत होता. "मग तो गेला."

वरच्या टोपल्यातले भात संपत आले होते. लखूने दांडा ओढला, पण मोटर बंद केली नाही. आवाज थांबला तर तीही थांबेल, हे त्याला कळले. त्याने आपले तोंड तिच्या कानाशी नेले.

"साप तू ठेवला न्हवतास."

ती रडली. किती रडली ते आवाजात ऐकू आले नाही, खांद्यांवरून दिसले. शेवटी ती म्हणाली, "आईला सांगू नको."

"न्हाई सांगत."

"कुणाला सांगू नको."

"न्हाई."

त्यानंतर काही आठवडे घर पुष्कळ दिवसांनी घरासारखे झाले. ती जेवू लागली. झोपेत ओरडायची थांबली. फुटलेल्या आरशाच्या जागी यमुनेने रामनगरहून नवा आणून लावला आणि तो टिकला. केस मात्र ती उपटतच होती. आणि एकदा गिरणीत, त्याच आवाजात, तिने विचारले, "पप्पा, देवीला ठाऊक असंल न्हवं?"

"काय?"

"मी धाडलं ते."

"असंल."

"मग ती काय म्हणत असंल?"

मी तुला दोष देत नाही, एवढे लखू सांगू शकत होता. पण त्याला तर कोणी विचारलेच नव्हते. पुढे रोज तो हाच प्रश्न घेऊन उठे. मनीषाबाई यायला अजून अवकाश होता आणि देवीची जत्रा त्याआधी होती. जत्रेच्या सकाळी ज्याच्या घरात घोर आहे त्याच्यासाठी गाऱ्हाणे घालतात आणि कौल मागतात: मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर देवीने दिले. गावातले वाद याने मिटत आले होते, घरे यावर बांधली गेली होती. लखूच्या मनात आले, आपल्या बोलण्याने पोरीचे ओझे हलके होत नाही; देवीने सांगितले तर होईल.

तो वासूकडे गेला आणि त्याने सगळे सांगितले. वासूने पंच्याने डोळे पुसले.

"एवढंसं पोरगं, आणि एवढं पोटात घेऊन फिरालतं," तो म्हणाला. "आणि मी तिला शिमटी लाव म्हणालतो."

"गाऱ्हाण्यात मोघम सांगितलं तर? घरात घोर हाय, असं?"

"मोघम गाऱ्हाण्याला कौल मोघम येतो. मग पोरीला काय सांगशील? देवी काय म्हणाली म्हणून?" वासूचे म्हणणे खरे होते. "घडलं ते नावानिशी सांगायला पायजे. आणि गावानं व्हय म्हणायला पायजे. तवाच ते तिला पोचतं."

"मोठ्यानं सांगावं लागंल?"

"मग काय देवीच्या कानात सांगतोस?"

लखूने विचार केला, आणि नीट केला. तो नीट विचार करणाराच माणूस होता. आईला सांगायचे नाही असा शब्द दिला होता; आपण आईला सांगत नाही, देवीला सांगतो आहोत. कोणाला सांगायचे नाही असाही शब्द होता. पण देवीला ते ठाऊकच आहे, असे पोरच म्हणाली होती. बायका मागे सभामंडपात असतात. पुढे ढोल वाजत असतात, वासूचा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे जाणार नाही. गाऱ्हाण्याच्या वेळी ढोल थांबतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. त्याने ते त्या दिवशी हिशेबात घेतले नाही. रक्षाला विचारावे, हे तर त्याच्या मनातही आले नाही. तिला कौल मिळाल्यावर किती मोकळे वाटेल, एवढेच त्याच्या डोळ्यांपुढे होते.

जत्रेच्या सकाळी देऊळ भरले होते. यमुना आणि रक्षा बायकांत, खांबाजवळ उभ्या होत्या. यमुनेने पोरीचा हात हातात धरला होता. गर्दीत रक्षा घाबरते म्हणून. लखू पुढे वासूच्या मागे उभा राहिला. वासूने हात जोडले. ढोल थांबले.

एवढी शांतता लखूने वर्षभरात ऐकली नव्हती. बाहेर वडावर साळुंक्या भांडत होत्या, तेही ऐकू येत होते.

"आई सातेरी," वासूने सुरुवात केली, "रानात, पाण्यात, चढणीला, उतरणीला तू आमास्नी राखलीस."

"व्हय गे माये!" गाव म्हणाले.

"आज तुझं लेकरू लखू तुझ्या पायाशी उभं हाय. त्याच्या घरातला दिवा तू नेलास, आमी कायबी म्हटलं न्हाई."

"व्हय गे माये!"

"त्याची लेक रक्षा, तिच्या जिवाला घोर लागलाय. आईनं सांगितलेली लाकडं आणायला तिनं आपल्या भावाला धाडलं. नकळत धाडलं. भाव न्हाई म्हणत हुता, तरी धाडलं. आणि तितं त्याला जनावर डसलं."

मग गावाने म्हणायचे ते म्हटले, आणि आधीपेक्षा मोठ्याने म्हटले. रामनगरहून आलेले पाहुणेही म्हणाले. "व्हय गे माये!"

लखूने मागे वळून पाहिले. यमुना समोर बघत होती. तिने पोरीचा हात झिडकारला नाही. तिची बोटे फक्त उघडली, हातात काही आहे हे विसरल्यासारखी, आणि रक्षाचा हात तिच्या अंगाशी येऊन लोंबत राहिला. रक्षाने त्या हाताकडे पाहिले. मग बापाकडे पाहिले. लखू तोंड उघडून काही सांगू बघत होता, आणि आता तर त्याचा प्रत्येक शब्द ऐकू गेला असता.

"पोरीचा दोष असंल तर डावं दे," वासू म्हणत होता, "नसंल तर उजवं दे!"

उजवी पाकळी पडली. लगेच, कोणी वाट बघायच्या आत. गावात आनंदाचा एकच गलका झाला, ढोल सुरू झाले, बायका रक्षाभोवती गोळा झाल्या. विमलमावशीने तिच्या हनुवटीला हात लावून बोटे ओठांना लावली. "सुटलीस गे बाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. सगळ्यांच्याच होते. त्या देवळात त्या सकाळी कोणाच्या मनात पोरीबद्दल एक वाकडा शब्द नव्हता.

घरी आल्यावर यमुना पडवीत बसली. लाकडांची रास तिथून केव्हाच हलवली होती; जमिनीवर तिचा काळा डाग होता.

"तुमास्नी ठाऊक हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"संक्रांतीपासनं."

यमुना त्या डागाकडे बघत म्हणाली, "लाकडं मी रक्षाला सांगितली हुती, म्हणून मला वाटलं सागर कोंबडीमागंच गेला. त्या दिवशी मी कोंबडी बांधली न्हवती. रोज बांधते, त्या दिवशी न्हवती बांधली. रोज हितं बसून मी सवताला विचारते, का बांधली न्हाईस म्हणून. तुमी येत हुता, जात हुता, बघत हुता."

लखू तिच्याजवळ बसला. तिने त्याला उठ म्हटले नाही.

रक्षा त्या दिवसापासून शहाणी झाली. गावाने तसेच म्हटले. ती उठते, अंघोळ करते, शाळेत जाते. भांडी घासते. काही फोडत नाही, ओरडत नाही. जेव म्हटले की "व्हय," झोप म्हटले की "व्हय." यमुना तिला वाढते, तिचे कपडे धुते, तिच्याशी एकही कडू शब्द बोलत नाही; वेणी मात्र आता घालत नाही, आणि रक्षाही तिच्यापुढे पाठ करून बसत नाही. वासू गूळ घेऊन आला. "बघ," तो म्हणाला, "तुझी ती बाई सहा महिने शिकवालती. देवीनं एका दिवसात केलं." लखूने गूळ घेतला.

पुढच्या खेपेला जोयड्याच्या दवाखान्यात मनीषाबाईंनी रक्षाला विचारले, कशी आहेस? रक्षा कन्नडात "हौदु" म्हणाली. 'हो' हा त्या प्रश्नाचा जबाब नव्हता. बाईंनी तिला बाहेर बसवले आणि लखूकडे पाहिले. त्याने काही न वगळता सांगितले. कौल उजवा पडला तेही सांगितले.

"आता मी काय करू?" लखूने विचारले.

"चूक झाली असं तिला सांगा. एकदाच. का केलं ते सांगू नका, त्यात तुमचं समाधान आहे, तिचं नाही. आणि तिनं काही उत्तर द्यावं म्हणून थांबू नका."

"पुन्हा बोलंल ती?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

येताना जीपमध्ये त्याने ते सांगितले. "तुला शब्द दिला हुता. मी मोडला. माझी चूक." रक्षा खिडकीबाहेर जंगल बघत होती. "व्हय," ती म्हणाली.

सुगीचे भात सरत आले. यमुनेच्या सांगण्यावरून रक्षा अजूनही डबा आणत असे. आत येत नसे. उंबऱ्यावर डबा ठेवी आणि फणसाखालून परत जाई. सुट्टी असली की लखू तिच्या येण्याच्या वेळेला गिरणी चालू ठेवी. भात असो वा नसो. आवाज असला तर कदाचित, एवढाच त्याचा विचार. आणि तो विचार त्याला स्वतःलाही मोठ्याने सांगता आला नसता.

त्या दिवशी शेवटचे पोते दुपारच्या आतच संपले. त्याने मोटर बंद केली नाही, दांडाही ओढला नाही. खांबाला टेकून तो दाराकडे बघत राहिला. ती आली. तिने डबा ठेवला. जायला वळली आणि थांबली. नाक आक्रसून तिने आत पाहिले. रोलरांतून निळसर धूर येत होता, रबर जळाल्याचा वास सगळीकडे भरला होता, आणि तिच्या बापाला तो आलाच नव्हता.

ती आत आली. उंबरा ओलांडून, त्याच्या अंगावरून, त्याला न शिवता. तिने दांडा ओढला, मग भिंतीवरचा स्विच खाली पाडला. पट्टा फिरत फिरत मंदावला आणि थांबला.

"रबर जळालंय," ती म्हणाली.

देवळानंतर तिने आपणहून उच्चारलेले हे पहिलेच शब्द होते. लखूने मान हलवली. विचारायचे नाही, थांबवायचे नाही, हे त्याला आता पाठ होते. त्याने रोलरावर हात ठेवला. चटका बसला, तरी ठेवला. ती क्षणभर त्याच्या हाताकडे बघत उभी राहिली. मग ओढणी डोक्यावर नीट ओढून बाहेर गेली.

गिरणीत आता कसलाच आवाज नव्हता. त्यामुळे खालून, घरातून आलेली यमुनेची हाक त्याला स्पष्ट ऐकू आली: डबा दिलीस काय गे? आणि वाटेवरून रक्षाचे उत्तरही.

"व्हय."